अडचण नेमकी केव्हा येते? वेळेला संसाधन मानून प्रश्न सोडवण्याची रीत

भोसरीच्या एका लहान कारखान्यात नायलॉनचे छोटे गिअर बनायचे. सकाळी सातला मशीन सुरू झालं की पहिला पाऊण तास गिअरवर चांदीसारख्या रेघा उठायच्या. पाऊण तासानंतर तेच मशीन, तोच मोल्ड, तोच ऑपरेटर आणि माल मात्र स्वच्छ. ऑपरेटर म्हणाला, "साहेब, मशीन जुनं झालंय, सकाळी नखरे करतं." मालकांनी तापमान वाढवून पाहिलं, दाब कमी-जास्त केला, मोल्ड उतरवून पॉलिश केला. रेघा काही जाईनात.

हे सगळे उपाय त्या पाऊण तासाच्या आतले होते. अडचण जिथे दिसते तिथेच तिच्याशी झुंजायचं, ही आपली सवय. त्या कारखान्यात मी एकच प्रश्न लावून धरला: रात्री दहा ते सकाळी सात या नऊ तासांत इथे काय घडतं? "काही नाही, सगळं बंद असतं," असं उत्तर आलं. या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही, इथून या लेखातली पद्धत सुरू होते.

ही पद्धत आली कुठून

गेन्रिख आल्टशुलर या सोव्हिएत अभियंत्याने १९४६ पासून बाकू शहरात, नौदलाच्या पेटंट विभागात काम करताना, शोध कसे लागतात याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. हजारो पेटंटं चाळल्यावर त्याला दिसलं की क्षेत्रं वेगळी असली तरी उत्तरांच्या तऱ्हा मोजक्याच आहेत. १९५० मध्ये त्याला अटक झाली, व्होर्कुताच्या श्रमछावणीत त्याची रवानगी झाली, १९५४ मध्ये सुटका झाली, आणि १९५६ मध्ये राफाएल शापिरो यांच्यासोबत त्याचा पहिला लेख प्रसिद्ध झाला. या अभ्यासशाखेला ट्रिझ म्हणतात, 'शोधक प्रश्न सोडवण्याचा सिद्धांत' या अर्थाच्या रशियन नावाचं लघुरूप. तिच्यातली पायरी-पायरीने जाणारी रीत म्हणजे आरिझ.

आरिझच्या १९८५ च्या आवृत्तीत दुसऱ्या भागातल्या तीन पायऱ्या एकापाठोपाठ येतात: अडचण नेमकी कुठे आहे ते ठरवा, नेमकी केव्हा आहे ते ठरवा, आणि मग हाताशी कोणते पदार्थ नि कोणत्या ऊर्जा आहेत त्यांची यादी करा. पहिली आणि तिसरी पायरी लोक मन लावून करतात. मधली एका ओळीत उरकतात. माझ्या अनुभवात सर्वांत स्वस्त उत्तरं या मधल्या पायरीतच दडलेली असतात, म्हणून हा लेख तिच्यापुरताच आहे.

पायरी १: प्रश्न 'केव्हा'सकट लिहा

"सकाळी माल खराब निघतो" हे वाक्य अपुरं आहे. "सात वाजता मशीन सुरू झाल्यापासून साधारण पाऊण तास, म्हणजे हॉपरमधले कालचे दाणे संपेपर्यंत, गिअरवर रेघा येतात" हे वाक्य कामाचं. (हॉपर म्हणजे मशीनवरचं नरसाळं, ज्यातून नायलॉनचे दाणे खाली उतरतात.) या वाक्यापर्यंत पोहोचायला आम्हाला दोन सकाळी मशीनजवळ उभं राहावं लागलं. पहिल्या दिवशी फक्त वेळ कळली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की रेघा थांबतात त्याच सुमाराला हॉपरमधला जुना माल संपून नव्या पिशवीचा माल खाली उतरलेला असतो. घड्याळाचा पाऊण तास आणि हॉपरभर दाणे ही एकाच गोष्टीची दोन मापं निघाली.

म्हणून सुरुवात आणि शेवट दोन्ही नोंदवा, आणि प्रत्येकाला एखादी घटना जोडा. नुसती वाजलेली वेळ लिहू नका. 'सव्वा अकराला' यापेक्षा 'चहाच्या सुट्टीनंतरचा पहिला जॉब' हे जास्त बोलतं. घटना वेगाने घडत असेल तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. एका सेकंदात संपणाऱ्या घटनेबद्दल माणसं जे सांगतात, ते बहुधा त्यांनी पाहिलेलं नसून मागाहून जुळवलेलं असतं.

पायरी २: वेळेची रेघ ओढा आणि तिचे तीन तुकडे करा

कागद आडवा धरा आणि एक लांब रेघ ओढा. तिच्यावर तीन तुकडे पाडा. अडचण प्रत्यक्ष घडत असते तो संघर्षकाळ. त्याच्या आधीचा सगळा पूर्वकाळ. आणि नंतरचा उत्तरकाळ. आरिझमध्ये भर आहे तो पहिल्या दोघांवर, आणि तिथे एक फार उपयोगाची सूचना दिलेली आहे: संघर्ष झपाट्याने येऊन जाणारा असेल, तर तो कधी कधी पूर्वकाळातच टाळता येतो.

घरातलं उदाहरण घ्या. दूध उतू जातं. गॅस मोठा हवा, कारण लवकर तापायला हवं. गॅस लहान हवा, कारण उतू जायला नको. वरवर पाहिलं तर हा सरळ सरळ पेच. आता रेघ ओढा. लिटरभर दूध तापायला जी काही मिनिटं लागतात त्यातला संघर्षकाळ किती? शेवटची पंधरा-वीस सेकंदं. बाकीचा सगळा वेळ मोठ्या गॅसबद्दल कुणाची तक्रार नसते. म्हणजे 'मोठा की लहान' हा वाद त्या पंधरा-वीस सेकंदांपुरताच आहे, आणि त्याच्या कितीतरी पट पूर्वकाळ मोकळा पडला आहे.

त्या पूर्वकाळात काय घडतं? दूध तापताना त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून वर साय धरतात. खालून आलेली वाफ त्या पापुद्र्याखाली अडकते, फेस होतो आणि फेस सायीला उचलत वर चढतो. म्हणजे उतू जाण्याची तयारी आधीच चालू असते. आपल्या आज्या पातेल्यावर लाकडी उलथणं आडवं ठेवायच्या तो याच तयारीवर घातलेला घाव. वर चढणारे बुडबुडे लाकडाला लागून फुटतात, वाफेला वाट मिळते. फार वेळ मिळतो असं नाही, पण ओट्यापर्यंत पोहोचण्याइतका मिळतो. शिट्टीचा मिल्क कुकर त्याहून पुढे जातो: दुहेरी भिंतीतल्या पाण्यामुळे दुधाला थेट आच लागतच नाही, आणि पाणी उकळलं की शिट्टी वाजते. दोन्ही उपाय संघर्ष सुरू होण्याआधी बसवून ठेवलेले आहेत.

रेघ ओढताना एकाच मापावर थांबू नका. एक रेघ सेकंदांची, एक दिवसाची, एक वर्षाची. भोसरीत दिवसाच्या रेघेवर सकाळचा पाऊण तास दिसला. वर्षाची रेघ ओढली तेव्हा मालकांच्या रिजेक्शनच्या वहीत जून ते सप्टेंबरची पानं बाकीच्यांपेक्षा गच्च भरलेली निघाली. पावसाळा! नायलॉन हवेतली ओल शोषतं. ओलसर दाणे वितळले की त्या ओलीची वाफ होते आणि माल साच्यात शिरताना पृष्ठभागावर रेघा ओढते. दिवसाच्या रेघेने 'केव्हा' सांगितलं, वर्षाच्या रेघेने 'का' सांगितलं.

पायरी ३: रिकाम्या वेळेची झडती घ्या

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि इथे घाई केली तर पुढचं सगळं पोकळ ठरतं.

प्रत्येक तुकड्यासाठी स्वतंत्रपणे विचारा: या काळात कोणता पदार्थ कुठे आहे आणि त्याचं काय होत आहे? कोणती ऊर्जा उपलब्ध आहे, उरलेली उष्णता, गुरुत्वाकर्षण, दिवसाचं ऊन, मशीनची कंपनं? कोणतं उपकरण बंद पडून आहे? कोण माणूस आहे आणि तो कशाची वाट पाहत आहे? कोणती जागा मोकळी आहे? आणि शेवटचा, बहुतेक जण विसरतात तो प्रश्न: या काळात नुकसान करणारं काय चालू आहे?

या शेवटच्या प्रश्नानेच भोसरीतली गाठ सुटली. रात्री 'सगळं बंद' नव्हतं. हॉपरमध्ये उरलेले दाणे रात्रभर उघड्या हवेत ओल पीत होते. अर्धी संपलेली पिशवी तोंड न बांधता भिंतीला टेकलेली होती. आणि हॉपर ड्रायर? तो होता. चांगला होता. पण सकाळी सातला ऑपरेटर एका दमात सगळे स्विच वर करायचा, त्यामुळे मशीन आणि ड्रायर एकदमच सुरू व्हायचे. दाणे वाळायला साधारण ८० अंश सेल्सिअसला काही तास लागतात. ड्रायर जागा होऊन कामाला लागेपर्यंत ओले दाणे मशीनमधून निघून गेलेले असायचे. नऊ तासांचा पूर्वकाळ नुसताच वाया जात नव्हता, तो आमच्या विरुद्ध काम करत होता.

झडती घेताना पूर्वकाळाच्या खाली दोन रकाने करा: 'पडून आहे' आणि 'बिघडवत आहे'. दुसरा रकाना कोरा राहिला तर पुन्हा जाऊन बघा. गंज चढतो, थर बसतो, काँक्रीट आकसतं, बॅटरी उतरते, कणीक आंबते, माणूस कंटाळतो.

पायरी ४: दोन मागण्या खरंच एकाच वेळी आहेत का, ते तपासा

ट्रिझमध्ये पेचाला अंतर्विरोध म्हणतात: एकाच वस्तूने परस्परविरुद्ध असावं अशी मागणी. दोन्ही मागण्यांपुढे 'केव्हा' लिहा. गॅस मोठा हवा: साय चढू लागेपर्यंत. गॅस लहान हवा: त्यानंतर. दोन्ही काळ एकमेकांवर पडत नसतील, तर विरोध वेळेत वेगळा करता येतो आणि तडजोड करायची गरजच राहत नाही. मध्यम गॅस ही तडजोड आहे. तिच्यात दूध उशिरा तापतं आणि तरीही उतू जातं!

काळ एकमेकांवर पडत असतील तर किती पडतात ते मोजा. पुष्कळदा पूर्ण पडत नाहीत, कडेला थोडेसे चिकटलेले असतात, आणि मग प्रश्न तेवढ्या चिंचोळ्या पट्टीपुरता उरतो. पूर्णच पडत असतील तर वेळेचा नाद सोडून जागेत किंवा भागांत वेगळं करण्याकडे वळा. प्रत्येक प्रश्न वेळेने सुटत नाही हे मान्य करायला हवं.

पायरी ५: वेळेवर चालणाऱ्या युक्त्या लावून पाहा

उत्तरांच्या मोजक्या तऱ्हांमधून आल्टशुलरने काढलेल्या चाळीस तत्त्वांपैकी काही थेट वेळेशी खेळतात. सगळी समान उपयोगी नाहीत. मी ज्या क्रमाने लावून बघतो त्या क्रमाने सांगतो.

पहिली, आणि जिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो ती: काम आधीच करून ठेवणे. जपानमध्ये शिगेओ शिंगो या औद्योगिक अभियंत्यांनी ट्रिझशी काही संबंध नसताना हेच स्वतंत्रपणे शोधलं. १९५० मध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो कारखान्यात मोठ्या प्रेसची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलताना ते पाहत होते. एक बोल्ट सापडेना म्हणून कामगार तासाभराहून जास्त वेळ धावपळ करत राहिला आणि प्रेस तोपर्यंत थांबून. त्यातून त्यांनी सेटिंगच्या कामाचे दोन भाग पाडले: मशीन थांबवल्याशिवाय होऊच शकत नाही ते, आणि मशीन चालू असतानाही करता येतं ते. १९६९ मध्ये टोयोटातल्या १००० टनी प्रेसचं सेटिंग चार तासांवरून आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आलं. त्यात जादा वेगाने पाने फिरवण्याचा वाटा थोडा. बरंचसं काम संघर्षकाळातून उचलून पूर्वकाळात नेलं गेलं.

आपल्याकडचं ताजं उदाहरण ठाणे स्टेशनचं. फलाट ५ आणि ६ अरुंद, गर्दी जीवघेणी, आणि रुंदीकरणासाठी रूळ सरकवायचे म्हणजे लोकल बंद ठेवायच्या. मे २०२४ च्या अखेरीस मध्य रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक घेतला. त्या ६३ तासांत काँक्रीट ओतून ते वाळण्याची वाट पाहणं शक्यच नव्हतं. म्हणून आधीच ओतून पक्के केलेले काँक्रीटचे ठोकळे आणून रचले गेले. काँक्रीटला मुरायला लागणारा काळ कमी झाला नाही. तो ब्लॉकच्या बाहेर, पूर्वकाळात ढकलला गेला. प्रवाशांनी ते तीन दिवस जे सोसलं ते थोडं नव्हतं, पण ठोकळे नसते तर दिवस तीनवर थांबले नसते.

दुसरी युक्ती: आधीच उलटा ताण देऊन ठेवणे. पूर्वताणित काँक्रीट हे तिचं सर्वांत सुंदर रूप. फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने यांनी १९२८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून भार यायच्या आधीच ताणलेल्या पोलादी तारांनी त्याला दाबून ठेवायचं. पुढे भार आला की आधी तो दाब कमी होतो, तडा जाण्याची वेळ लांब राहते. आपल्या प्रश्नात विचारा: जे नुकसान होणार आहे त्याच्या उलटं काहीतरी मी आधी भरून ठेवू शकतो का?

तिसरी: धोक्याचा टप्पा झपाट्याने ओलांडणे. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटं ठेवून पाश्चराइझ करता येतं, किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद. दुसऱ्या रीतीत तापमान जास्त असूनही चव आणि पोषण राखलं जातं, कारण नको असलेल्या बदलांना पुरेसा वेळच मिळत नाही. संघर्षकाळ छाटता येत असेल तर तीव्रता वाढवणंही चालतं, हे एरवी सुचत नाही.

संघर्षकाळ अफाट लांब असेल तर तोच छाटण्याची दुसरी तऱ्हा अमेरिकेतल्या हूवर धरणात दिसते. सिमेंट मुरताना उष्णता निघते. एवढं काँक्रीट एकसंध ओतलं असतं तर ते थंड व्हायला सव्वाशे वर्षं लागली असती, असा अंदाज धरण बांधणाऱ्या ब्युरो ऑफ रिक्लमेशनने दिला आहे. मग ते ठोकळ्या-ठोकळ्यांनी ओतलं आणि आत ९०० किलोमीटरहून जास्त लांबीचे बारीक पाइप टाकून त्यांतून थंड पाणी फिरवलं. काम झाल्यावर तेच पाइप सिमेंटच्या ग्राउटने भरून टाकले. हा उत्तरकाळाचा वापर: ज्याचं काम संपलं त्याला पोकळी म्हणून मागे राहू द्यायचं नाही.

उरलेल्या युक्त्या थोडक्यात. सलग क्रियेऐवजी ठोके देऊन पाहा, आणि दोन ठोक्यांमधल्या फटीत दुसरं काम बसतं का ते बघा. जाताना काम आणि येताना रिकामा फेरा असेल तर येतानाही काम द्या. वस्तू एका रूपात अडवून न ठेवता टप्प्यानुसार तिचं रूप बदलू द्या, विमान उतरताना पंखांच्या फ्लॅप बाहेर येतात तसं. आणि ज्याचं काम संपलं ते आपोआप नाहीसं होईल असं बघा, विरघळणाऱ्या टाक्यांसारखं.

पायरी ६: वेळ शून्य करा, मग अनंत करा

युक्त्या लावूनही डोकं अडलं तर आल्टशुलरचा एक मानसिक व्यायाम आहे. आकार, वेळ आणि खर्च या तिन्हींना टोकापर्यंत ताणायचं. इथे फक्त वेळ घ्या. हे काम एका सेकंदात झालंच पाहिजे अशी सक्ती असती तर? मग उत्तर येतं, 'ते आधीच झालेलं असायला हवं', आणि नजर आपोआप पूर्वकाळाकडे वळते. उलट, या कामाला शंभर दिवस मिळाले तर? मग मंद, जवळजवळ फुकट ऊर्जा दिसू लागतात: ऊन, झिरपणं, गंजणं, मुरणं, जंतूंचं काम. लोणचं घालणाऱ्या घरात ही कल्पना नवी नाही. दोन्ही उत्तरं वेडगळ वाटली तरी लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा.

पायरी ७: हलवलेल्या वेळेची किंमत मोजा

काम पूर्वकाळात नेलं म्हणजे ते फुकट झालं असं नाही. आधी केलेली वस्तू कुठेतरी ठेवावी लागते, ठेवलेली वस्तू बिघडू शकते, आणि ज्या मागणीसाठी ती केली ती मागणीच बदलू शकते. शंभर डबे आधी भरून ठेवले आणि ऐनवेळी साठच लागले, तर चाळीस डब्यांचा वेळ परत मिळत नाही.

आम्हाला हा धडा भोसरीतच मिळाला. उपाय साधा ठरला होता. रात्री शेवटच्या अर्ध्या तासात हॉपरच्या खालची झडप लावून दाणे संपवायचे. उघड्या पिशवीचं तोंड लगेच बांधायचं. सकाळचे दाणे ड्रायरमध्ये भरून ठेवायचे आणि पहाटे तीनला एका टायमरने ड्रायर चालू करायचा. एका आठवड्यात सकाळच्या रेघा गेल्या. नंतरच्या शुक्रवारी मात्र गिअर पिवळसर निघाले. टायमर रोज तीनला चालू होणारा, आणि भोसरीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. गुरुवारी पहाटे सुरू झालेला ड्रायर बंद करायला कुणी नव्हतं. अठ्ठावीस तास गरम हवेत राहून नायलॉन पिवळं पडलं होतं. दिवसाच्या रेघेवर आम्ही काम केलं, वर्षाची रेघ पाहिली, आठवड्याची ओढलीच नव्हती. ती चूक माझी. आठवड्याच्या वारांप्रमाणे लावता येणारा टायमर आणून ती दुरुस्त केली.

म्हणून उपाय ठरल्यावर पुन्हा पायरी २ कडे या आणि नव्या व्यवस्थेची रेघ काढा: पाळी, दिवस, आठवडा, महिना, ऋतू. प्रत्येक मापावर विचारा, सुट्टीच्या दिवशी हे काय करेल, वीज गेली तर काय करेल, नेहमीचा माणूस रजेवर असला तर काय करेल.

कामाला लागताना

पहिल्यांदा करत असाल तर लहान प्रश्न घ्या, रोज घडणारा, म्हणजे पाच-सहा दिवसांत पाच-सहा वेळा बघायला मिळेल. रेघेचा कागद प्रश्न घडतो त्या जागेजवळ भिंतीवर लावा, टेबलाच्या खणात नको. भोसरीच्या त्या मशीनच्या खांबावर तो कागद अजून आहे. ऑपरेटरने त्यावर पेन्सिलीने स्वतःहून एक तुकडा वाढवला आहे: दुपारी दीड ते दोन, जेवणाची सुट्टी, आणि पुढे प्रश्नचिन्ह.